व्यापार मंत्रालय नेमकं चालवतं तरी काय?

मागच्या लेखात आयातशुल्काचा विषय निघाला आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांचा रोख एकच होता: हे 'अर्थव्यवस्था आणि व्यापार' नावाचं खातं स्वतः काही पिकवत नाही, काही विकत नाही, मग मंत्र्यापासून कारकुनापर्यंत एवढी माणसं दिवसभर करतात काय? त्यातले सात प्रश्न घेतलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींची चार ओळींत आटोपली आहेत.

प्रश्न: मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. देशात अर्थ मंत्रालय असताना अर्थव्यवस्था आणि व्यापारासाठी आणखी एक मंत्रालय कशाला लागतं?

अर्थ मंत्रालयाच्या हातात तिजोरी असते, या मंत्रालयाच्या हातात परवानगी. कर किती गोळा करायचा, कर्ज किती काढायचं, कुठल्या खात्याला किती द्यायचं हे तिजोरीवाले बघतात. कोणता माल कुठल्या अटींवर देशात येईल, कोणता बाहेर जाईल, परदेशाशी काय करार करायचा, कुठल्या उद्योगाला हात द्यायचा, हे दुसरीकडे ठरतं. दोघांचे स्वभाव जुळत नाहीत. आयातशुल्क तिजोरीच्या नजरेत उत्पन्न असतं. तेच शुल्क व्यापारवाल्यांना कधी ढाल वाटतं, कधी सौद्यात सोडून द्यायचं नाणं. एकाच टेबलावर बसवलं तर तिजोरीच जिंकते, म्हणून बहुतेक देशांनी दोन घरं वेगळी केली.

पण वाटण्या सगळीकडे सारख्या नाहीत. फ्रान्समध्ये अर्थव्यवस्था आणि वित्त एकाच छपराखाली नांदतात. सिंगापूरमध्ये जीडीपीचे तिमाही आकडे जाहीर करण्याचं कामही व्यापार आणि उद्योग मंत्रालयाकडेच आहे. अमेरिकेत वाणिज्य विभाग 1913 पासून स्वतंत्र आहे, तरी करारांच्या वाटाघाटी तो करत नाही. त्यासाठी 1960 च्या दशकात व्यापार प्रतिनिधीचं वेगळं कार्यालय काढलं गेलं. जर्मनीच्या अर्थव्यवस्था मंत्रालयाचा दबदबा मोठा, पण व्यापार करार करणं त्याच्या हातात नाही. युरोपीय संघाच्या सगळ्या सदस्यांच्या वतीने ते ब्रसेल्समधला आयोग करतो. ब्रिटनला याचा फटका 2016 मध्ये कळला. 1973 पासून वाटाघाटींचं काम ब्रसेल्सवर सोपवलेलं; सार्वमतात बाहेर पडायचं ठरल्यावर लक्षात आलं की घरात करार करता येणारी माणसंच उरलेली नाहीत. घाईघाईने आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नवीन खातं काढावं लागलं. पुढे 2023 मध्ये ते उद्योग खात्यात मिसळून टाकलं. खात्यांच्या पाट्या अशा बदलत राहतात, त्या पाठ करू नकोस. सही कुणाची लागते ते बघ.

प्रश्न: मी प्लास्टिकच्या वस्तू आयात करतो. तोच माल, एका बंदरावर एक दर लागला, दुसरीकडे दुसरा. मंत्रालय एकच ना?

मंत्रालय एकच, पण माल 'तोच' आहे की नाही हा खरा वाद आहे. जगातल्या बहुतेक देशांची शुल्कयादी एकाच सांगाड्यावर उभी आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही 'एचएस' पद्धत 1988 पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, त्यापुढचे ज्या त्या देशाचे. पाच हजारांहून जास्त उपशीर्षकं आहेत आणि तुमच्या हातातली वस्तू त्यातल्या एकाच खणात बसली पाहिजे. दर धोरण म्हणून वर ठरतो. खण मात्र बंदरावरचा अधिकारी ठरवतो, आणि दोन अधिकाऱ्यांनी दोन खण पाहिले की तुमच्यासारखी तक्रार येते.

हे हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत एका खेळणी कंपनीने चित्रकथेतल्या महानायकांचे प्लास्टिकचे पुतळे आयात केले. तिथल्या यादीत तेव्हा दोन खण होते: माणसाची प्रतिकृती असेल तर 'बाहुली', शुल्क 12 टक्के, माणूस नसलेला कुणी असेल तर 'खेळणं', शुल्क 6.8 टक्के. सीमाशुल्कवाले म्हणाले, या बाहुल्या आहेत. कंपनी म्हणाली, ही माणसंच नाहीत. प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी एकेक पुतळा हातात घेऊन शेपूट, नखं, पंजे तपासले आणि 2003 मध्ये निकाल दिला की हे माणूस नव्हेत, खेळणी आहेत. त्या महानायकांच्या चाहत्यांना वाईट वाटलं म्हणतात, कारण कथेत बिचारे आयुष्यभर 'आम्हीही माणसंच' हे पटवून देत फिरतात. कंपनीच्या हिशेबनीसाला मात्र आनंद झाला असणार.

यादीत एकदा शिरलेली ओळ सहसा निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. युरोपने 1962 मध्ये अमेरिकी कोंबडीवर शुल्क वाढवलं. बदला म्हणून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी यांवरचं शुल्क वाढवलं आणि हलक्या ट्रकवर 25 टक्के लावलं. ते 1964 पासून लागू झालं. कोंबडीचं भांडण केव्हाच विसरलं गेलं, बाकीच्या वस्तू सुटल्या, ट्रकवरचं शुल्क राहिलं. मग पळवाटा आल्या. एका मोठ्या मोटार कंपनीने मालवाहू व्हॅनला मागे सीट आणि खिडक्या लावून त्या 'प्रवासी गाड्या' म्हणून बंदरातून आत आणल्या, आणि बाहेर येताच सीट काढून टाकल्या. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि 2024 मध्ये कंपनीने 36.5 कोटी डॉलर भरून ते मिटवलं.

तुमच्यापुरता उपाय सांगतो. बहुतेक देशांत माल पाठवण्याआधी वर्गीकरणाचा अग्रिम निर्णय मागता येतो. नमुना, घटकांचं प्रमाण, वापर लिहून अर्ज करायचा. लेखी उत्तर हातात असलं की कुठल्याही बंदरावर वाद घालायला पाय रोवता येतात.

प्रश्न: मी शेतकरी आहे. भाव जरा चढला की निर्यातबंदी. रातोरात कशी काय निघते? आणि शहरातल्या माणसाला स्वस्त देण्याचं बिल आमच्या नावावर का?

रातोरात निघते, कारण आगाऊ सांगितलं तर दोन दिवसांत गोदामं रिकामी होऊन जहाजं भरली जातील. बंदीचा मसुदा तयार असतो, तारखेची जागा तेवढी कोरी असते. जागतिक व्यापार करारातही ही खिडकी उघडी ठेवलेली आहे: आयात-निर्यातीवर संख्येची बंधनं नकोत असा नियम, पण अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी चालते. 'तात्पुरती' म्हणजे किती, याची व्याख्या कुणी केलेली नाही. सगळी मेख तिथेच आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बंदीचं बिल कुणाच्या नावावर पडतं ते त्याच हंगामात दिसतं. खरं नुकसान मात्र दहा-वीस वर्षांनी दिसतं. 1973 चं अमेरिकी सोयाबीन बघा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँकोव्ही मासळी मिळेनाशी झाली, पशुखाद्यात मासळीच्या पेंडीची जागा सोयाबीनने घेतली, भाव काही महिन्यांत तिपटीवर गेले. मांस, अंडी महागली. 27 जूनला वाणिज्य विभागाने सोयाबीनची निर्यात रोखली. थोड्याच दिवसांत पूर्ण बंदी उठवून परवाना पद्धत आली, आणि शरद ऋतूपर्यंत तीही गेली. एका हंगामाचा खेळ.

पण जपानमध्ये धक्का बसला. तिथलं जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेहून यायचं आणि त्यावर रोजचं जेवण चालायचं. ज्याने एकदा हात आखडला तो परत आखडेल, असं त्यांनी धरून चाललं. ब्राझीलमध्ये सेराडो नावाचा आम्लधर्मी मातीचा प्रचंड पट्टा होता, शेतीला नालायक मानलेला. जपानने तिथे पैसा आणि तंत्र ओतलं; दोन्ही सरकारांचा संयुक्त कार्यक्रम 1979 मध्ये सुरू झाला. ब्राझीलच्या संशोधकांनी मातीत चुना घालून आणि उष्ण हवेत तग धरणारी वाणं काढून ती जमीन पिकवली. आज सोयाबीनचा सगळ्यात मोठा निर्यातदार ब्राझील आहे. हे सगळं एका बंदीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाईकाला दुसरं दुकान शोधायला त्या बंदीने लावलं, एवढं नक्की. जून 1973 मध्ये ज्या बाबूने त्या कागदावर सही केली, त्याच्यासमोर त्या आठवड्यातले मांसाचे भाव होते. वीस वर्षांनंतरच्या सोयाबीनवाल्याची खुर्ची त्या खोलीत नव्हती.

2008 मध्ये तांदळाचं तेच झालं. एका देशाने निर्यात रोखली, ते बघून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. जगात तांदूळ पुरेसा होता, तरी थायलंडचा भाव टनाला हजार डॉलरवर गेला. जपानने साठवलेला आयात तांदूळ सोडायची तयारी नुसती दाखवली आणि भाव उतरायला लागले. भीतीने चढलेला भाव दिलाशाने उतरला.

माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा निर्यातशुल्क बरं. त्यात गिऱ्हाईकाशी नातं तुटत नाही, दार किलकिलं राहतं, आणि आलेला पैसा शेतकऱ्याकडे वळवता येतो. वळवला जातो का, हा प्रश्न तिजोरीवाल्यांना विचारा.

प्रश्न: माझा छोटा कारखाना आहे. बाहेरून मातीमोल भावाने माल येतोय. मंत्रालयात अर्ज केला तर अँटी-डंपिंग ड्यूटी लागेल का?

'मातीमोल' हा पुरावा नाही. स्वस्त विकणं गुन्हा नव्हे. परदेशी उत्पादक आपल्या घरी ज्या भावाला विकतो त्यापेक्षा कमी भावाने तुमच्याकडे पाठवतो, हे डंपिंग, आणि ते रोखायला लावलेलं जादा शुल्क म्हणजे अँटी-डंपिंग ड्यूटी. त्यानंतर देशी उद्योगाचं नुकसान दाखवायचं, आणि ते नुकसान या मालामुळेच झालं, हेही. तिसऱ्या पायरीवर बरेच अर्ज घसरतात, कारण विक्री पडण्यामागे जुनी यंत्रं, मंदी किंवा महागलेली वीजही असते, आणि समोरचा वकील तेच काढून दाखवतो.

एकट्याने अर्ज करून चालत नाही. जागतिक करारानुसार अर्जामागे देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के उत्पादक उभे हवेत, आणि बाजूने-विरुद्ध बोलणाऱ्यांत बाजूचं पारडं निम्म्यापेक्षा जड हवं. म्हणजे आधी संघटना गाठा. चौकशी साधारण वर्षभर, फार तर 18 महिने. तात्पुरतं शुल्कही चौकशी सुरू होऊन 60 दिवस झाल्याशिवाय लावता येत नाही. एकदा लागलं की पाच वर्षांनी फेरतपासणी. भारतात तर चौकशी वाणिज्य मंत्रालयाचा विभाग करतो आणि शुल्क लावायचं की नाही ते शेवटी अर्थ मंत्रालय ठरवतं. पहिल्या दारातून शिफारस मिळाली म्हणजे जिंकलो असं समजू नका.

अशा सुनावणीच्या खोलीत मी अनेकदा बसलोय. एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला परदेशी उत्पादकांचे वकील, आणि मागच्या रांगेत, बहुतेक वेळा उशिरा आलेले, तोच माल कच्चा माल म्हणून वापरणारे दोन-चार छोटे कारखानदार. हातात फाईल नसते, एखादा कागद असतो. शुल्क लागलं तर त्यांचा खर्च वाढणार. पण ते विखुरलेले, त्यांची संघटना नाही, आणि प्रश्नावलीची मुदत संपलेली. अध्यक्ष त्यांचं ऐकून घेतात, नोंद होते. अहवालात त्यांच्या वाट्याला एक परिच्छेद येतो.

विखुरलेल्यांना काय पडतं याचा एक चांगला मोजलेला नमुना आहे. अमेरिकेने 2018 च्या सुरुवातीला आयात कपडे धुण्याच्या यंत्रांवर संरक्षक शुल्क लावलं. पुढे अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: यंत्रं सरासरी 86 डॉलरने महागली. गंमत म्हणजे कपडे वाळवायचं यंत्रही 92 डॉलरने महागलं, आणि त्यावर शुल्क नव्हतंच! लोक दोन्ही जोडीने घेतात, म्हणून दुकानदारांनी भार वाटून टाकला. सुमारे 1,800 नोकऱ्या आल्या, आणि एकेका नोकरीमागे गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त गेले.

तुम्ही अर्ज करू नका असं मी म्हणत नाही. तुमचा माल कुणाचा कच्चा माल आहे ते आधी बघा, म्हणजे सुनावणीला समोर कोण येणार ते कळेल.

प्रश्न: अमुक देशाबरोबर आपली व्यापारी तूट वाढली, अशी बातमी आली की मंत्र्यांवर टीका होते. तूट म्हणजे तोटा ना?

नाही. वाण्याशी तुमची कायमची तूट असते. तो तुमच्याकडून काहीच विकत घेत नाही. त्याला आपण नुकसान म्हणत नाही. एका देशाशी असलेल्या तुटीचा आकडा तर फारच फसवा असतो. आशियाई विकास बँकेच्या टोकियोतल्या संस्थेने 2010 मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी मोबाइल फोनचा हिशेब काढला होता. फोन कारखान्यातून निघताना किंमत 178.96 डॉलर, त्यातली चीनमधली जोडणीची मजुरी फक्त 6.50 डॉलर. सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनी, खुद्द अमेरिकेचे. पण फोन अमेरिकेत उतरला की अख्खी किंमत चीनच्या नावावर, तुटीच्या खात्यात.

एकूण तूट मात्र बघावी. तिचं मूळ बहुतेकदा देश किती बचत करतो आणि किती गुंतवतो यात असतं, आणि ते व्यापार मंत्र्याच्या हातात नसतं. तरी पत्रकार परिषदेत उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

प्रश्न: जपानच्या मंत्रालयाने उद्योग निवडून देश वर आणला म्हणतात. मग सगळे तसंच का करत नाहीत?

ही कथा अर्धीच सांगितली जाते. जपानचं आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग मंत्रालय, ज्याला जग 'मिती' म्हणून ओळखायचं, 1949 मध्ये उभं राहिलं. 2001 पासून त्याचं नाव अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालय झालं. सुरुवातीच्या काळात त्याचं खरं हत्यार परकीय चलन होतं. डॉलर मोजके, कुठल्या कारखान्याला परदेशी यंत्र किंवा तंत्र घ्यायला किती मिळणार ते मिती ठरवायचं. पोलाद, जहाजबांधणी, रसायनं अशा उद्योगांना त्याचा फायदा झाला हे खरं.

पण 1953 मध्ये टोकियोतली एक लहान कंपनी ट्रान्झिस्टरचा परवाना घ्यायला अमेरिकेला 25,000 डॉलर पाठवायची परवानगी मागत होती. मितीच्या अधिकाऱ्यांना ही मंडळी काही करून दाखवतील असं वाटेना. कित्येक महिने परवानगी अडली. अखेर मिळाली आणि 1955 मध्ये त्यांचा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. ती कंपनी म्हणजे पुढची सोनी. दहा वर्षांनी मितीने मोटारींच्या धंद्यात थोड्याच कंपन्या ठेवाव्यात, नव्यांना वाव देऊ नये असा कायदा आणायचा घाट घातला. तेव्हा मोटारसायकली बनवणारी होंडा चारचाकीत उतरायच्या तयारीत होती. ती अडून बसली, कायदाही संसदेत अडकला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मितीचं श्रेय मी निवडीला कमी देतो आणि दोन गोष्टींना जास्त. एक, हात दिलेल्या उद्योगाला निर्यात करून दाखवावी लागायची, आणि परदेशी गिऱ्हाईक कुणाची भीड ठेवत नाही. दुसरं, मंत्रालयाला 'नाही' म्हणणारे कारखानदार तिथे होते आणि ते टिकले. जिथे मदतीची मुदत ठरलेली नसते आणि नाही म्हणणारा बंद पडतो, तिथे हीच पद्धत नात्यागोत्याचं दुकान होते.

प्रश्न: माल जहाजावर चढला आणि तिसऱ्या दिवशी आयातीवर निर्बंध आल्याची अधिसूचना निघाली. माझा माल जुन्या नियमात धरणार की नव्या?

हे पत्र घाईत लिहिलेलं दिसतं, म्हणून थेट सांगतो. अधिसूचनेचा मथळा सोडा, शेवटचा परिच्छेद वाचा. वाटेतल्या मालासाठी सवलत असेल तर ती तिथे असते, आणि बहुतेकदा दोन तारखांवर बेतलेली असते: बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) तारीख, किंवा अधिसूचनेआधी उघडलेलं, रद्द न करता येणारं पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी. दोन्ही कागद आजच काढून ठेवा. पतपत्र असेल तर ठरावीक दिवसांत त्याची नोंदणी करा अशी अट कधी कधी असते, आणि ती मुदत सुट्ट्या धरून मोजतात. निर्बंध आणि शुल्कवाढ यांची गल्लत करू नका. शुल्काचा दर माल पोचल्यावर, कागद दाखल करण्याच्या तारखेचा धरतात, तिथे जहाजावर चढल्याची तारीख सहसा कामी येत नाही. सवलतीचा परिच्छेदच नसेल तर निर्यातदाराला आज रात्रीच फोन करा. जहाज मधल्या एखाद्या बंदरावर थांबणार असेल, तर माल तिथेच उतरवून दुसरं गिऱ्हाईक बघायला अजून वेळ आहे.